किल्ल्याकडे कसं जायचं

आधी उतरा. मग चढा. मग विचारा कुणालाही.
एकतीस वर्षं मी हेच सांगत आले
कॉफीचा कप सरकवत, सुटे मोजत,
नकाशा उलटा धरलेल्यांना,
उन्हानं नाक सोललेल्यांना.
ट्रामनं जाणार असाल तर खिसा सांभाळा.
हरवलात, तर पावसाचं पाणी जातं तिकडं चाला,
नदी लागेल. लिस्बनमध्ये नदी सगळ्यांनाच लागते.

माझी टपरी बागेच्या कोपऱ्यात, लोखंडी,
दर चार वर्षांनी नव्या हिरव्यात रंगवलेली.
समोर ते झाड. सुरूच्या कुळातलं म्हणे,
पण सरळ वर जाणं त्याला जमलं नाही,
आडवंच पसरत गेलं,
वाळवणाची चादर अंथरत जावी तसं.
आता त्याच्या फांद्यांना खालून लोखंडी मांडव आहे.
लोक येतात, मान वर करून फोटो काढतात,
मला विचारतात, वय किती?
मी म्हणते, माझं की त्याचं?

त्या सावलीत चौघं पत्ते खेळायचे.
या खेळात जोडीदार शेजारी नसतो, समोर असतो,
आणि बोलायचं नसतं, खूण करायची नसते.
आबिलियोच्या समोर झेफेरिनो,
बावीस वर्षं.
झेफेरिनो कॉफीत साखर घालायचा नाही,
पुडी मात्र खिशात टाकायचा.

नोव्हेंबरात तिघंच आले.
पत्ते मात्र चौघांचे वाटले आबिलियोनं,
सवयीनं,
मग चौथा गठ्ठा उचलून डब्यात ठेवला.
दुसऱ्या दिवशी आले, डबा उघडलाच नाही.
"इडालिना, तू बस ना," म्हणाले.
गल्ल्यावर कोण बसेल, म्हटलं मी.

त्याच आठवड्यात एका मुलीनं विचारलं,
पाठीवर तिच्याहून मोठी पिशवी,
"किल्ला बघण्यासारखा आहे का? तुम्ही गेलाय?"
हो म्हणाले मी.
सुटे चुकले. दोनदा मोजून दिले.

सोमवारी टपरी बंद असते.
चांगले बूट घातले. आधी उतरले, मग चढले,
दोनदा विचारलं, एकदा चुकीचं सांगितलं कुणीतरी.
दारावर ओळखपत्र दाखवलं.
"इथल्यांना तिकीट नाही, दोना," म्हणाला पोरगा.
एकतीस वर्षं फुकट होतं.

वर मोर आहेत.
हे कुणी सांगितलंच नव्हतं मला.
भिंतीवर बसलेले, पिसारा दगडांवरून खाली सोडून,
एक तर टेबलाखाली बटाट्याचे काप टिपत होता
आमच्या कबुतरांसारखा, निर्लज्ज.
तोफा आहेत. पोरं त्यांच्यावर घोडा घोडा खेळतात.
राजाची काही खूण दिसली नाही.
पाइनच्या खाली एक जोडपं भांडत होतं,
कुठल्या भाषेत, कळलं नाही. कशावरून, ते कळलं.

तटाला टेकून मी माझी बाग शोधली.
छपरं, छपरं, वाळत घातलेले कपडे,
मग हिरवे ठिपके, चार की पाच.
झाड कुठलं? सगळी सारखीच,
वरून आडवं-उभं कळत नाही.
पहारेकऱ्यानं विचारलं, "काय शोधताय?"
"काम करते तिथं," म्हटलं,
आणि हात ज्या दिशेला केला
ती बहुधा चुकीची होती.

मंगळवारी गल्ल्याला कुलूप लावलं
आणि आबिलियोच्या समोर जाऊन बसले.
लाकूड गार होतं. फळीच्या फटीत
साखरेची एक पुडी, दमट.
तिघांनीही पाहिली, कुणी काढली नाही.

"सत्ती राजाच्या वर," आबिलियो समजावू लागला,
"राणी गुलामाच्याही खाली."
हे कुणी ठरवलं, विचारलं मी.
तिघं पहिल्यांदा हसले.
दहा पत्ते हातात आले,
त्यांत बदाम सत्ती. कधी टाकायची, कळेना.
समोर पाहिलं. आबिलियो झाडाकडे बघत होता,
खूण करायची नसते ना.

टपरीपाशी कुणीतरी उभं राहिलं,
नकाशा उलगडत, खाकरत.
"थांबा जरा," म्हटलं मी मान न वळवता,
"हा डाव होऊ दे."